पोप मशिदीत गेले, विहारात गेले. घरच्यांना काय सांगितलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पोप देशोदेशी फिरतात, मशिदीत जातात, ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये जातात, सर्वधर्मीय व्यासपीठावर बसतात. दुसरीकडे चर्चचं धर्मप्रसाराचं काम काही थांबलेलं नाही. मग या भेटी मनापासूनच्या की देखाव्याच्या? संवाद आणि प्रसार ही दोन्ही कामं एकाच तोंडाने कशी होतात? आणि पुढेमागे पोप भारतात आले तर आपण नेमकं काय बघायचं?

प्रश्नाला धार आहे आणि ती असायलाच हवी. ख्रिस्तसभेचा इतिहास शिकवण्यात आणि सर्वधर्मीय बैठकांची जुळवाजुळव करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे या भेटींतला समारंभ किती आणि मजकूर किती, याचा थोडा अंदाज आला आहे. माझं उत्तर असं: पोप परधर्मीयांसमोर काय बोलले यावरून भेटीची किंमत ठरवू नका. पाहुणा म्हणून गेल्यावर सगळेच गोड बोलतात. त्याच दौऱ्यात किंवा परत रोमला गेल्यावर ते आपल्या बिशपांना, धर्मगुरूंना, धर्मभगिनींना काय म्हणाले ते शोधून वाचा. भेट खरी होती की नाही ते तिथे कळतं. कधी त्या भाषणामुळे भेटीला वजन येतं, तर कधी भेटीत कमावलेलं सगळं त्यात वाहून जातं.

आधी दौऱ्याची यंत्रणा. पोप हे जगभरच्या कॅथलिकांचे धर्मप्रमुख आणि जेमतेम ४४ हेक्टरच्या व्हॅटिकन राज्याचेही प्रमुख. त्यामुळे निमंत्रणं दोन लागतात, एक त्या देशाच्या सरकारचं आणि दुसरं तिथल्या बिशपांचं. बरं, दोन्ही मिळूनही काम होईलच असं नाही. जॉन पॉल दुसरे यांनी १०४ परदेश दौरे केले, पण मॉस्कोला त्यांचे पाय लागले नाहीत. क्रेमलिनची ना नव्हती, रशियन ऑर्थोडॉक्स चर्चची होती. ‘तुम्ही आमची माणसं ओढता’ ही त्यांची तक्रार शेवटपर्यंत मिटली नाही. म्हणजे प्रसाराचा संशय फक्त हिंदूंना किंवा मुसलमानांना येतो असं समजू नका, तो ख्रिस्ती भाऊबंदांनाही येतो.

हा सगळा प्रवास तसा अलीकडचा. १८७० मध्ये रोम इटलीच्या राज्यात गेलं आणि पुढची ५९ वर्षं पोप व्हॅटिकनच्या भिंतींबाहेर पडलेच नाहीत. विमानात बसलेले पहिले पोप म्हणजे सहावे पॉल. जानेवारी १९६४ मध्ये ते जेरुसलेमला गेले, आणि त्याच वर्षी २ डिसेंबरला मुंबईत उतरले. निमित्त होतं आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक काँग्रेसचं, म्हणजे कॅथलिकांच्या जागतिक धार्मिक मेळाव्याचं, जागा होती ओव्हल मैदान आणि यजमान होते मुंबईचे आर्चबिशप, पहिले भारतीय कार्डिनल (पोपच्या खालोखालचं पद) व्हॅलेरियन ग्रेशियस. मुंबईतल्या जुन्या कॅथलिक घरांतून त्या भेटीच्या गोष्टी अजून निघतात, विशेषतः पोपना मिळालेल्या मोटारीची. ती लिंकन गाडी त्यांनी जाताना मदर तेरेसांना देऊन टाकली आणि मदरनी तिची सोडत काढून पैसा उभा केला.

या भेटीवर दोन बाजूंनी राग होता. गोवा नुकताच, १९६१ मध्ये, भारतात आलेला, त्यामुळे पोर्तुगालचं सरकार पोपवर चिडलं होतं. इकडे मुंबईतच त्या वर्षी ऑगस्टमध्ये विश्व हिंदू परिषदेची स्थापना झाली आणि त्या काळच्या चर्चेत पोपच्या येऊ घातलेल्या भेटीचा मुद्दा होताच. अशा वातावरणात ३ डिसेंबरला पोप वेगवेगळ्या धर्मांच्या प्रतिनिधींसमोर उभे राहिले आणि त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातली प्रार्थना म्हटली: असत्यातून सत्याकडे ने, अंधारातून प्रकाशाकडे ने, मृत्यूतून अमृताकडे ने. ही प्रार्थना आपल्या काळालाही तितकीच लागू आहे, असंही ते म्हणाले.

आपल्याकडे ही गोष्ट इथेच संपवतात, फार तर टाळ्या वाजवतात. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. पोप मुंबईत बोलत होते तेव्हा रोममधली दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे जगभरच्या बिशपांची महासभा, अजून संपलेली नव्हती आणि इतर धर्मांविषयीचा मसुदा अजून वादात होता. जवळजवळ अकरा महिन्यांनी, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, तो जगभरच्या बिशपांच्या २,२२१ विरुद्ध ८८ मतांनी मंजूर झाला. हिंदू धर्म, बौद्ध धर्म, इस्लाम आणि ज्यू धर्म यांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही, ही अधिकृत शिकवण झाली. मुंबईत पाहुणा म्हणून जे म्हटलं, ते घरात ठराव करून लिहून ठेवलं. भारतातल्या सेमिनरींमधल्या, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थांमधल्या, अभ्यासक्रमात त्यानंतर फरक पडला. भाषणाने तो पडला नसता.

तुमच्या दुसऱ्या शंकेचं उत्तरही त्याच ठरावात आहे. ‘काहीही नाकारत नाही’ हे वाक्य आणि ‘ख्रिस्ताची घोषणा चर्च करत राहील, तिने करत राहिलंच पाहिजे’ हे वाक्य, दोन्ही एकाच परिच्छेदात लागून आहेत. कुणी लपवून ठेवलेलं नाही. संवाद करणारा पोप वेगळा आणि प्रसार करणारा वेगळा, असं कधी नव्हतंच. १९९१ मध्ये रोमने एक लांबलचक दस्तऐवज काढून पुन्हा तेच सांगितलं: दोन्ही कामं चर्चचीच, एकाच्या जागी दुसरं चालणार नाही. तुम्हाला हे पटो न पटो, पण याला दुटप्पीपणा म्हणता येत नाही. उघड सांगितलेल्या गोष्टीवर वाद घालता येतो, आणि तो मी स्वतःही घालतो.

जॉन पॉल दुसरे यांच्याकडे येऊ, कारण खरा कस त्यांच्या काळात लागला. १९ ऑगस्ट १९८५ रोजी मोरोक्कोत कॅसाब्लांकाच्या स्टेडियममध्ये ते हजारो मुस्लिम तरुणांसमोर बोलले. राजे दुसरे हसन यांचं निमंत्रण होतं. आपण एकाच देवाला मानतो, असं ते म्हणाले, आणि त्याच भाषणात पुढे, प्रामाणिकपणा म्हणून आपले भेदही मान्य करायला हवेत, सगळ्यांत मोठा भेद नाझरेथच्या येशूविषयीचा आहे, हेही म्हणाले. अशा सभेत हे दुसरं वाक्य गाळून टाकणं सोपं होतं. सर्वधर्मसमभावाच्या आपल्या बहुतेक कार्यक्रमांत नेमकं तेच गाळलं जातं, म्हणून ते कार्यक्रम इतके कंटाळवाणे होतात.

पुढच्या वर्षी १३ एप्रिलला ते रोमच्या सिनेगॉगमध्ये गेले. हा काही परदेश दौरा नव्हे, टायबर नदी ओलांडली की झालं. पण ते अंतर पार करायला शतकं लागली होती, कारण रोमच्या ज्यूंना १५५५ मध्ये भिंतीआड कोंडलं होतं ते पोपनेच. जॉन पॉल यांनी ज्यूंना ‘आमचे थोरले भाऊ’ म्हटलं, प्रमुख रब्बी एलिओ तोआफ यांना मिठी मारली, जगभर फोटो छापून आले.

फोटो खरा होता का? याचा निकाल सात वर्षांनी लागला. पोलंडमध्ये ऑशविट्झच्या छळछावणीला लागून असलेल्या एका जुन्या इमारतीत १९८४ पासून कार्मेलाइट धर्मभगिनींचा मठ होता. विषारी वायूचे डबे जिथे साठवले जायचे ती ही इमारत. धर्मभगिनी तिथे मृतांसाठी प्रार्थना करायच्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण जिथे ज्यूंची कत्तल झाली तिथे क्रूस उभारून प्रार्थना करणं ज्यूंना सहन होत नव्हतं. १९८७ मध्ये मठ हलवायचा करार झाला, मुदत टळली, १९८९ मध्ये आंदोलन झालं, पोलंडच्या कार्डिनलनी वर तिखट भाषण करून आगीत तेल ओतलं. पोप स्वतः पोलिश. आपल्याच देशातल्या, आपल्याच धर्मभगिनींना ‘तिथून निघा’ म्हणणं त्यांना किती जड गेलं असेल, विचार करा. उशीर झालाच, पण १९९३ मध्ये त्यांनी स्वतः पत्र लिहून त्यांना दुसरीकडे जायला सांगितलं आणि त्या गेल्या. सिनेगॉगमधल्या मिठीपेक्षा मी या पत्राला जास्त किंमत देतो.

आता असिसी. इथे जरा थांबतो, कारण आज जगात जे सर्वधर्मीय मेळावे होतात त्यांचा साचा इथे पडला. २७ ऑक्टोबर १९८६ रोजी संत फ्रान्सिसच्या इटलीतल्या या गावात पोपनी जगभरच्या धर्मप्रमुखांना शांतीसाठी प्रार्थनेला बोलावलं. दलाई लामा आले, कँटरबरीचे आर्चबिशप रॉबर्ट रन्सी आले, मुस्लिम, ज्यू, शीख, हिंदू, आफ्रिका आणि अमेरिकेतल्या आदिवासी परंपरांचे लोक आले. दिवसभर उपवास होता. जिथे लढाया चालू होत्या तिथल्या दोन्ही बाजूंना एक दिवस बंदुका खाली ठेवण्याची विनंती केली होती.

बैठकांच्या तयारीत मी बघितलंय, सगळ्यांत जास्त वेळ जातो तो ‘प्रार्थना कोणती म्हणायची’ यावर. दीप कुणी लावायचा हे दहा मिनिटांत मिटतं. प्रार्थनेवर मात्र कुणी ना कुणी अडून बसतं, आणि ते बरोबरच असतं, कारण दुसऱ्याच्या देवाला आपल्या शब्दांत हाक मारणं ही साधी गोष्ट नाही. असिसीत यावर तोड काढली ती अशी: एकत्र प्रार्थना करायची नाही, प्रार्थनेसाठी एकत्र यायचं. सकाळी सगळे एका बासिलिकेत जमले. मग प्रत्येक धर्माला गावात वेगळी जागा दिली, ज्याने त्याने आपापल्या पद्धतीने प्रार्थना केली. दुपारी सगळे पुन्हा एका चौकात आले, एकेका धर्माने आपली प्रार्थना म्हटली, बाकीच्यांनी गप्प राहून ऐकली.

इतकी काळजी घेऊनही वाद व्हायचा तो झालाच. बौद्धांना दिलेल्या चर्चमध्ये वेदीवर बुद्धमूर्ती ठेवली गेली, यावरून परंपरावादी कॅथलिक खवळले. फ्रान्सचे आर्चबिशप मार्सेल लफेव्र आधीपासूनच व्हॅटिकन परिषदेच्या विरोधात होते, त्यांच्या लेखी असिसी म्हणजे धर्मद्रोह. १९८८ मध्ये त्यांनी पोपची आज्ञा मोडून चार बिशपांना दीक्षा दिली आणि चर्चच्या बाहेर गेले. कारणं अनेक होती, असिसी त्यांतलं एक ठळक.

जॉन पॉल यांनी यावर काय केलं? २२ डिसेंबर १९८६ रोजी, नाताळच्या तोंडावर, रोमच्या प्रशासनातल्या कार्डिनलांना आणि अधिकाऱ्यांना ते दरवर्षी भेटतात त्या सभेत, सगळा वेळ असिसीवर बोलले. नाराज लोक समोरच बसले होते. प्रत्येक खरी प्रार्थना पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने होते आणि तो आत्मा प्रत्येक माणसाच्या अंतःकरणात असतो, असं त्यांनी सांगितलं. ‘प्रत्येक ख्रिस्ती माणसाच्या’ नव्हे, प्रत्येक माणसाच्या. असिसीच्या समारंभाची चित्रफीत सगळ्यांनी पाहिली असेल. हे भाषण वाचलेली माणसं मला फार थोडी भेटली, चर्चमध्येसुद्धा.

त्याच वर्षी फेब्रुवारीत ते भारतात येऊन गेले होते. दिल्लीत राजघाट, कोलकात्यात मदर तेरेसांचं निर्मल हृदय, रांची, शिलाँग, मद्रास, गोवा, केरळ, मुंबई, पुणे असा लांब दौरा झाला. मद्रासमध्ये इतर धर्मांच्या नेत्यांसमोर ते म्हणाले की संवादात आपण एकमेकांपुढे मन उघडं करतो तेव्हा देवापुढेही करतो. हे वाक्य नंतर इतक्या ठिकाणी छापलं गेलं की त्याचं सुभाषित झालं.

१९९९ ची भेट मात्र वेगळी. जानेवारीत ओडिशात ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना जाळून मारलं होतं, धर्मांतराचा वाद पेटलेला होता, गोव्यातल्या इन्क्विझिशनबद्दल, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या धर्मन्यायालयाबद्दल, पोपनी माफी मागावी अशी मागणी जोरात होती. अशा वेळी ६ नोव्हेंबरला दिल्लीत पोपनी आशियातल्या चर्चविषयीच्या दस्तऐवजावर सही केली. त्याच्या सुरुवातीलाच म्हटलंय: पहिल्या सहस्रकात क्रूस युरोपात रोवला गेला, दुसऱ्यात अमेरिका आणि आफ्रिकेत, तिसऱ्यात या विशाल खंडात श्रद्धेचं मोठं पीक निघो अशी आपण प्रार्थना करू. दुसऱ्या दिवशी, ७ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजन होतं. सकाळी नेहरू स्टेडियममध्ये मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, झाली आणि मग विज्ञान भवनात सर्वधर्मीय भेट.

‘पीक’ या शब्दावरून जे व्हायचं ते झालं. माझं मत विचाराल तर ते वाक्य दिल्लीत, त्या वर्षी, त्या आठवड्यात काढायला नको होतं. मूळ वाक्य १९९५ मध्ये मनिलात बिशपांसमोर म्हटलेलं, तिथे ते घरातलं होतं. दिल्लीत ते अंगणात आलं. पण एक गोष्ट पोपच्या बाजूने नोंदवतो. विज्ञान भवनात इतर धर्मांचे आचार्य समोर बसलेले असताना त्यांनी धर्मस्वातंत्र्याचा मुद्दा टाळला नाही; माणसाच्या श्रद्धेवर ताबा ठेवायचा हक्क कुठल्याही राज्याला किंवा गटाला नाही, हे तोंडावर सांगितलं. घरी एक आणि बाहेर एक, असं त्यांनी केलं नाही. अनेकांना ते रुचलं नाही, पण कसोटी लावायची तर ती इथेही लावावी लागते.

आणि ही कसोटी पोपच्या विरोधातही जाते. भारतातल्या ज्या धर्मगुरूंनी संवाद नुसता बोलून न दाखवता जगून पाहिला, त्यांच्याशी रोम कसं वागलं? मुंबईत जन्मलेले, जेझुइट संघाचे धर्मगुरू अँथनी डिमेलो यांनी लोणावळ्याच्या साधना संस्थेतून विपश्यना, झेन, सूफी कथा, योग यांची ख्रिस्ती ध्यानाशी गाठ घालून दिली. ते १९८७ मध्ये वारले. जून १९९८ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर ११ वर्षांनी, रोमने त्यांच्या लिखाणाबद्दल सावधगिरीची सूचना काढली. भारतात अनेक दशकं शिकवलेले बेल्जियन जेझुइट जाक द्युपुई यांची इतर धर्मांविषयीच्या लिखाणावरून त्याच सुमारास चौकशी लागली. म्हातारपणी तो माणूस खचला. शिवाय २००० साली मार्चमध्ये पोपनी जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीत क्षमेची चिठ्ठी ठेवली आणि सप्टेंबरमध्ये रोमच्या धर्मसिद्धांत खात्याने जाहीरनामा काढून इतर धर्मांच्या अनुयायांची स्थिती वस्तुतः ‘फार उणी’ असल्याचं म्हटलं. एका हाताने चिठ्ठी, दुसऱ्या हाताने हे. तुमचा ‘देखावा’ हा शब्द मला पटत नाही, पण तो का सुचतो ते या तारखा शेजारी ठेवल्या की कळतं.

घरच्यांसाठी बोललेलं बाहेर ऐकू गेलं की काय होतं, याची दोन उदाहरणं. पहिलं पोप बेनेडिक्ट सोळावे यांचं. १२ सप्टेंबर २००६ रोजी जर्मनीतल्या रेगन्सबर्गच्या विद्यापीठात, जिथे ते एके काळी प्राध्यापक होते तिथे, त्यांनी श्रद्धा आणि विवेक यांवर व्याख्यान दिलं आणि इस्लामविषयी एका बायझंटाइन सम्राटाचं कठोर वाक्य उद्धृत केलं. प्राध्यापकाच्या सवयीने उद्धृत केलं, पण बोलत होते पोप. निदर्शनं पेटली, सोमालियात इटालियन धर्मभगिनी लिओनेला स्गोर्बाती यांचा गोळ्या घालून खून झाला. नोव्हेंबरअखेर ते इस्तंबूलच्या निळ्या मशिदीत मुफ्तींच्या शेजारी डोळे मिटून उभे राहिले. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते १३८ मुस्लिम विद्वानांनी वर्षभराने लिहिलेलं पत्र, ज्यातून दोन्ही बाजूंच्या अभ्यासकांची नियमित बैठक सुरू झाली.

दुसरं उदाहरण श्रीलंकेचं, आणि त्यात गोवा आहे. बाणावलीत १६५१ मध्ये जन्मलेले गोव्याचे धर्मगुरू जुझे वाझ श्रीलंकेत गेले तेव्हा तिथे डचांचं राज्य होतं आणि प्रॉटेस्टंट डच कॅथलिकांना जगू देत नव्हते. वाझना आसरा दिला तो कँडीच्या बौद्ध राजाने. देवीची साथ आली तेव्हा त्यांनी धर्म न बघता रोग्यांची सेवा केली. जानेवारी १९९५ मध्ये जॉन पॉल दुसरे कोलंबोला गेले ते याच वाझना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करायला. बौद्धांचं ऋण असलेला संत, बौद्धांचा देश, याहून चांगला योग कुठला? पण आदल्या वर्षी आलेल्या आपल्या पुस्तकात पोपनी बौद्ध धर्माची मुक्तीची कल्पना जवळजवळ निव्वळ नकारात्मक आहे असं लिहिलं होतं. पुस्तक कॅथलिक वाचकासाठी होतं, भिक्खूंनीही ते वाचलं. प्रमुख भिक्खूंनी सर्वधर्मीय भेटीवर बहिष्कार टाकला. पोपनी कोलंबोत बौद्ध धर्माबद्दल आदराने बोलूनही उपयोग झाला नाही.

वीस वर्षांनी, जानेवारी २०१५ मध्ये, पोप फ्रान्सिस त्याच वाझना संतपद द्यायला त्याच गॉल फेस मैदानावर आले. या वेळी सर्वधर्मीय भेटीत भिक्खू व्यासपीठावर होते. एका हिंदू पुरोहिताने पोपच्या खांद्यावर भगवी शाल घातली. आणि संध्याकाळी, कार्यक्रमपत्रिकेत नसताना, फ्रान्सिस कोलंबोच्या महाबोधी केंद्रातल्या विहारात गेले. बुद्धाचे दोन पट्टशिष्य, सारिपुत्त आणि मोग्गल्लान, यांच्या अस्थींचा करंडक तिथे आहे. तो वर्षातून एकदा उघडतात, त्या दिवशी भिक्खूंनी पाहुण्यासाठी उघडला आणि मंत्र म्हटले. पोप उभे राहून ऐकत होते. ना त्यांनी प्रार्थना म्हटली, ना भाषण केलं. यजमानाचा विधी यजमानाला करू द्यायचा आणि आपण ऐकायचं, हा असिसीचाच नियम, फक्त या वेळी घर दुसऱ्याचं होतं.

फ्रान्सिस यांच्याही बाबतीत माझी कसोटी पूर्ण समाधानाने सुटत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये म्यानमारमध्ये त्यांनी ‘रोहिंग्या’ हा शब्द उच्चारला नाही. तिथल्या कार्डिनलांनीच तसा सल्ला दिला होता, मूठभर ख्रिस्ती लोकांच्या जिवाची भीती होती. १ डिसेंबरला ढाक्यात निर्वासितांना भेटल्यावर मात्र ते म्हणाले की आज देवाच्या अस्तित्वाचं नाव रोहिंग्याही आहे. सीमा ओलांडल्यावर बोलले, असं कुणी म्हणालं तर त्यात तथ्य आहे. पण स्थानिक चर्चला मागे राहून परिणाम भोगायचे असतात, हेही खरं. अशा देशात पाहुणा धीटपणा दाखवून विमानात बसतो आणि हिशेब गावातला धर्मगुरू चुकता करतो.

४ फेब्रुवारी २०१९ चा अबुधाबीचा करार सगळ्यांना आठवतो: कैरोतल्या अल-अझहर या इस्लामी विद्यापीठाचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यिब आणि पोप यांनी मानवी बंधुत्वाच्या दस्तऐवजावर सह्या केल्या. दुसऱ्या दिवशीच्या मिस्सेला आलेल्या प्रचंड गर्दीत आखातात पोटासाठी गेलेले आपले केरळी, गोंयकार, मंगळुरी लोक भरपूर होते. अरबी द्वीपकल्पात पोप उतरण्याची ही पहिलीच वेळ. पण दस्तऐवजात धर्मांची विविधता ही देवाचीच इच्छा, असं वाक्य होतं. ते वाचून घरचे अस्वस्थ झाले. काही बिशपांनी विचारलं, देवाची इच्छा म्हणजे काय? मग ३ एप्रिलच्या सार्वजनिक सभेत फ्रान्सिस यांनी खुलासा केला की देवाने हे घडू दिलं, त्याची ही अनुमती आहे. अबुधाबीत जितकं मोठं वाटलं होतं तितकं रोममध्ये राहिलं नाही. मला हा खुलासा थोडा मागे घेतलेल्या पावलासारखा वाटतो. माझे काही सहकारी याला धर्मशास्त्रीय काटेकोरपणा म्हणतात आणि आमचं यावर अजून एकमत झालेलं नाही.

राहिला भारत. फ्रान्सिस यांना पंतप्रधान मोदींनी ऑक्टोबर २०२१ मध्ये व्हॅटिकनमध्ये भेटून निमंत्रण दिलं, २०२४ मध्ये पुन्हा दिलं. एप्रिल २०२५ मध्ये ते गेले आणि भेट राहून गेली. पुढे एखादे पोप आलेच तर दूरदर्शनवर राजघाट दिसेल, शाली दिसतील, उपनिषदाचं वाक्यही येईल, त्यात वाईट काही नाही. तुम्ही मात्र त्याच दौऱ्यातलं भारतीय बिशपांपुढचं भाषण शोधा. पोपची भाषणं व्हॅटिकनच्या संकेतस्थळावर तारखेनुसार येतात, १९८६ आणि १९९९ चीही आहेत. त्यात इतर धर्मांच्या लोकांचा उल्लेख शेजारी म्हणून आहे की फक्त न पोचलेला श्रोता म्हणून, हे बघा. दलित ख्रिस्ती माणसाला चर्चमध्येच वेगळं बसवण्याबद्दल, वेगळ्या दफनभूमीबद्दल बिशपांना काही सुनावलंय का, तेही बघा, कारण दुसऱ्याच्या धर्माशी संवाद करायला निघालेल्या आमच्या सभेला तो प्रश्न सगळ्यांत आधी विचारला जातो, आणि विचारणारे बहुतेक वेळा हिंदू मित्रच असतात.